झीरो माइलचा चौक

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा सोबत एक अट होती. सोसायटीचा इतिहास अध्यक्षसाहेब आणि सचिव लिहिणार, तुम्ही दुसऱ्या कशाचा तरी इतिहास लिहा. बरंच झालं. आपल्या सोसायटीचा इतिहास म्हणजे बोअरवेल, रस्ता आणि नाली. या तिन्हींवरची माझी मतं वार्षिक सभेत सगळ्यांना पाठ झाली आहेत. म्हणून मी जागा निवडली ती काटोलपासून साठेक किलोमीटरवरची, पण आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ओलांडलेली. नागपूरचा झीरो माइलचा चौक.

काटोलच्या माणसाचं नागपूर सुटत नाही. मेडिकलला कोणी भरती असतं, हायकोर्टात तारीख असते, पोरीची अ‍ॅडमिशन असते, लग्नाचा बस्ता असतो. कारण कोणतंही असो, बर्डी लागतेच. आणि बर्डीहून सिव्हिल लाइन्सकडे निघालं की तो दगडी खांब आणि चार घोडे दिसतात. लहान मूल सोबत असलं तर आपण हमखास सांगतो, "हे पाय, इथं भारताचा मध्य आहे." मूल मान डोलावतं, सिग्नल सुटतो, आपण पुढे जातो. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे.

नागपूरचा मूळ मध्य म्हणाल तर तो महालात. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, पुढे भोसल्यांनी वाढवलं, आणि राजवाडे, वाडे, पेठा, तलाव सगळे तिकडे पूर्वेला. बर्डीची टेकडी तेव्हा गावाबाहेर होती. मग गावाबाहेरची ही जागा शहराचा चौक कशी झाली, याचीच ही हकिगत.

चौक म्हणताना डोळ्यांपुढे चार रस्त्यांचा लहान चौक आणू नका. ही एक ऐसपैस जागा आहे. झीरो माइलचा दगड, त्याच्या वायव्येला विधानभवन, शेजारी रिझर्व्ह बँकेची इमारत आणि तिच्यासमोरचा संविधान चौक, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा, पलीकडे कस्तुरचंद पार्कचं मैदान, डोक्यावर सीताबर्डीचा किल्ला, पायथ्याशी टेकडी गणपती आणि पाच-दहा मिनिटांच्या चालीवर रेल्वे स्टेशन. नोकरीच्या काळात नोटांच्या पेट्या घेऊन रिझर्व्ह बँकेत माझ्या किती फेऱ्या झाल्या त्याचा हिशेब नाही. पेट्या मोजून होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागे. त्या उभं राहण्यातून हा चौक मला कळत गेला.

आधी दगडाचं बघू. त्यावर १९०७ हे साल आहे, आणि सोबत जी. टी. एस. अशी तीन अक्षरं. ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे म्हणजे इंग्रजांनी साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणांनी केलेली मोजणी. ती विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली. एक रेघ साखळीने काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे आणि बाकीच्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. असं करत करत तो माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. वय सत्तरीच्या घरात, अंगात दुखणं, आणि तरी हैदराबादहून नागपूरकडे निघालेला. नागपूरला तो पोचलाच नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथंच आहे. आपल्याकडचे किती लोक हिंगणघाटला सोयरिकीसाठी, कापसासाठी जातात, पण ही कबर कोणी पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेलं आणि नाव एव्हरेस्टचं झालं. सुरुवात करणाऱ्याचं नाव मागे पडतं, हे सोसायटीच्या जुन्या सभासदांना मी सांगायला नको.

आता हा दगड त्या मोजणीतला नेमका कशाचा? आपण समजतो अंतराचा. खरा तो उंचीचा आहे. वरच्या षटकोनी दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. आजच्या हिशेबाने सुमारे ३११ मीटर. अशा दगडाला मोजणीवाले बेंचमार्क म्हणतात.

उंचीचं हे काम आपल्या सभासदांना चटकन समजेल, कारण आपल्या लेआउटमध्ये वरच्या गल्लीचं पाणी खालच्या गल्लीत का येतं यावर पंचवीस वर्षं वाद चालू आहे. मागे नालीच्या कामाला तिपाईवर दुर्बीण लावलेला माणूस आला होता आणि दुसरा आकडे लिहिलेली उभी पट्टी धरून फिरत होता, तो आठवत असेल. दुर्बीण आडवी धरायची, मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग पुढच्या पट्टीवरचा. वजाबाकी केली की चढ किंवा उतार मिळतो. पण सुरुवात अशा जागेवरून करावी लागते जिची उंची आधीच ठरलेली आहे. बँकेतल्या भाषेत सांगायचं तर ओपनिंग बॅलन्स लागतो. तो कुठून आणायचा? समुद्रावरून. कराची, मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटीची नोंद ठेवून समुद्राची सरासरी पातळी काढली होती. तिथून निघून माणसं पावलापावलाने, दुर्बीण आणि पट्टी घेऊन, देशाच्या आत चालत आली. हे काम १८५८ साली सुरू झालं आणि पन्नास वर्षं चाललं. आमच्याकडे एका दिवसाचा क्लोजिंग बॅलन्स दुसऱ्या दिवशी पुढे ओढतात, तसा हा आकडा समुद्रापासून नागपूरपर्यंत ओढत आणला, आणि तो इंचाच्या अपूर्णांकापर्यंत जुळवला. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा दगडावर कोरायला छाती लागते. मी आयुष्यभर कॅश जुळवली आहे, त्यामुळे त्या अनाम कारकुनांबद्दल मला कस्तुरचंद पार्कात भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त आदर आहे.

दगडावर काही गावांची अंतरंही आहेत. हैदराबाद ३१८ मैल, रायपूर १७४, जबलपूर १७०, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. काटोलचं नाव नाही, ते सोडा. मुंबई, कलकत्ता आणि दिल्लीचंही नाही. साऱ्या देशाची अंतरं इथून मोजत असते तर ही तीन शहरं कशी सुटली असती? ही यादी सरळसरळ मध्य प्रांताच्या राजधानीतून निघणाऱ्या रस्त्यांची आहे. राहिला देशाच्या मध्याचा प्रश्न. १९०७ साली हिंदुस्थान म्हणजे बलुचिस्तानपासून ब्रह्मदेशापर्यंत. ब्रह्मदेश १९३७ साली वेगळा झाला, १९४७ ला फाळणी झाली. देशाच्या कडा बदलल्या की मध्यही हलतो, त्याला दगड काय करणार! आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव दाखवतात. तेव्हा नातवंडांना सांगताना एवढं सुधारून सांगायला हरकत नाही : हा दगड देशाचा मध्य दाखवत नाही, तू उभा आहेस ती जमीन समुद्राच्या किती वर आहे ते सांगतो. माझ्या मते ही गोष्ट मध्यापेक्षा जास्त मजेची आहे.

पण चौक दगडामुळे झाला नाही. चौक झाला तो टेकडीमुळे, आणि टेकडीवरून झालेल्या लढाईमुळे.

सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोन गवळी भावांवरून पडलं अशी आख्यायिका सांगतात. खरी असो नसो, टेकड्या दोन आहेत, एक मोठी आणि एक छोटी. टेकडीजवळ इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे. १८१७ साली तो होता रिचर्ड जेंकिन्स. भोसल्यांच्या गादीवर मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब. त्या नोव्हेंबरात पुण्याकडे ५ तारखेला खडकीची लढाई झाली, आणि पेशव्यांकडून आलेला मान अप्पासाहेबांनी नागपुरात उघडपणे स्वीकारला. इंग्रजांना कळायचं ते कळलं. रेसिडेंटने आपली पलटण टेकड्यांवर चढवली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. भोसल्यांकडे पंधरा-अठरा हजार फौज, इंग्रजांकडे दीड हजाराच्या आतबाहेर. भोसल्यांच्या पदरी अरब शिपाई होते, त्यांनी छोटी टेकडी घेतली. तिथून मोठी टेकडी म्हणजे हातभर अंतर. त्या घटकेला सगळं भोसल्यांच्या बाजूने होतं. मग इंग्रजांच्या घोडदळाने खाली मैदानात धडक मारली, छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात इंग्रजांनी ती परत घेतली आणि लढाई फिरली. अप्पासाहेब पुढे कैद झाले, वाटेत पहारेकऱ्यांच्या हातून निसटले, महादेवाच्या डोंगरात राहिले, पंजाबात गेले आणि १८४० साली जोधपूरला वारले. किल्ला म्हणून आपण जो पाहतो तो इंग्रजांनी या लढाईनंतर बांधला. आजही तो सैन्याच्या ताब्यात आहे. १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी अशा ठराविक दिवशी लोकांना आत जाता येतं. २०१८ साली कस्तुरचंद पार्कच्या मैदानात खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या, ते पेपरात वाचलं असेल. ज्या मैदानावर दसऱ्याला रावण जळतो त्याच्या खाली दोनशे वर्षांपूर्वीच्या तोफा निजलेल्या होत्या.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक गेले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. १८६७ ला मुंबईहून रेल्वे आली. आपल्या काटोलची रेल्वे, म्हणजे इटारसीकडची लाइन, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १९२० च्या दशकात आली. नागपूर स्टेशनची आजची लाल दगडी इमारत १९२५ ची, दोन्ही एकाच काळातल्या. गावाकडची माणसं पॅसेंजरने उतरून पहिल्यांदा याच बाजूला पाय ठेवू लागली.

राजधानी झाल्यावर टेकडीच्या पलीकडे, उत्तर-पश्चिमेला, साहेबांची वस्ती वसली. रुंद रस्ते, मोठे वृक्ष, बंगले, कचेऱ्या. ती सिव्हिल लाइन्स. टेकडीच्या अलीकडे बर्डीचा बाजार, त्याच्याही अलीकडे जुनं शहर. म्हणजे हा चौक दोन गावांच्या सीवेवर पडला. अलीकडे ज्यांच्यावर राज्य करायचं ते, पलीकडे राज्य करणारे. दगड इथं रोवला १९०७ साली, पण सीव त्याआधीच आखलेली होती. नागपूरच्या या जागेचा पुढचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो. लोक शहराच्या बाजूने येतात, इथवर येऊ देतात, आणि पुढे अडवतात.

१९२३ चं उदाहरण घ्या. त्याआधी डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात होऊन असहकारावर शिक्कामोर्तब झालेलं. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक न्यायची नाही असा सरकारचा हुकूम निघाला. झेंड्याला बंदी शहरात नव्हती, पलीकडच्या वस्तीत होती. १ मे पासून रोज सत्याग्रहींची तुकडी झेंडा घेऊन निघे आणि रोज पकडली जाई. जमनालाल बजाज पुढारी, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन तुरुंगात गेली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान त्यांत होत्या. साडेतीन महिने हे चाललं. शेवटी १८ ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. शाळेच्या पुस्तकात झेंडा सत्याग्रहाला दोन ओळी असत. झगडा एका रस्त्यावरून चालत जाण्याच्या हक्काचा होता, हे त्या दोन ओळींत यायचं नाही.

कस्तुरचंद पार्कचं नाव सर कस्तुरचंद डागा यांचं. बन्सीलाल अबीरचंद ही त्या काळची मोठी सावकारी पेढी, त्या घराण्यातले. बँकेतल्या माणसाला हे नाव माहीत असायलाच हवं. मैदानाच्या मधल्या छत्रीखाली किती भाषणं झाली असतील! वेगळ्या विदर्भाची तर विचारूच नका. १९५३ साली २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला, १९५५ ला फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. नागपूरची राजधानी गेली. त्या बदल्यात करारातल्या शब्दाप्रमाणे १९६० पासून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं. राजधानी देऊन दोन-तीन आठवड्यांचं अधिवेशन घेणं हा सौदा मला कधीच बरोबरीचा वाटला नाही. तरुण सभासदांचं मत वेगळं असेल, त्यांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहावं.

मात्र त्या अधिवेशनाने चौकाला नवं काम दिलं. डिसेंबर जवळ आला की विदर्भाच्या प्रत्येक तालुक्यातून मोर्चे निघतात. शिक्षक, अंगणवाडीच्या बाया, कोतवाल, धरणग्रस्त, संत्रेवाले, कापूसवाले. आपल्या सोसायटीतलेही तीन-चार जण पेन्शनच्या मोर्चात जाऊन आले आहेत. मोर्चा शहराच्या बाजूने येतो आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट नाहीतर टेकडी रोडवर थांबवला जातो. पुढे कठडे, कठड्यांमागे पोलीस. शिष्टमंडळ म्हणून पाच जणांना आत नेतात, बाकीचे रस्त्यावर बसून शिदोरी सोडतात. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण लोकांनी थांबायची जागा फारशी हललेली नाही.

२३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गोवारी म्हणजे आपल्या गावोगावचे गुराखी. दिवाळीनंतर गायगोधनाला ढाल घेऊन नाचतात, ते. सरकारी यादीत 'गोंड गोवारी' अशी अनुसूचित जमात आहे. ते आम्हीच, तेव्हा आम्हाला सवलती आणि दाखले द्या, ही त्यांची मागणी. मधल्या एका शब्दावर साऱ्या समाजाचं भवितव्य अडलेलं. पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती, त्यात बाया आणि लेकरं खूप. दिवसभर बसून होती. भेटायला कोणी आलं नाही. संध्याकाळी मंत्री येतात अशा समजुतीने गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, माणसं मागे वळली आणि मागच्यांना काही कळेना. रस्त्याच्या कडेला कठडे, जायला वाट नाही. ११४ जण चेंगरून मेले. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं.

१८१७ च्या लढाईचा किल्ला आपण राखून ठेवला आहे. त्या लढाईत दोन्ही बाजूंना बंदुका होत्या. १९९४ ला एका बाजूच्या हातात भाकरीचं फडकं होतं.

त्या साली मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाखेत होतो. महिनाभराने एक म्हातारा पासबुक घेऊन काउंटरशी आला. खातं सुनेचं. शिल्लक तीनशे चाळीस रुपये आणि काही पैसे. सोबत ग्रामपंचायतीच्या माणसाने दिलेली पिशवी, तिच्यात नागपूरचा मृत्यूचा दाखला. मयत खात्याचा फॉर्म मी स्वतः भरला, अंगठा घेतला, दोन साक्षीदार स्टाफमधलेच घेतले. काय झालं होतं असं रीत म्हणून विचारलं. "दाखल्यासाठी गेल्ती, साहेब," एवढं बोलून तो गप्प बसला. मी नोकरीत पुष्कळ मयत खाती बंद केली. हे एक नाव सोडून सगळं लक्षात आहे.

मंत्र्यांचा राजीनामा झाला, पुढच्या वर्षी निवडणुकीत सरकार बदललं, आणि गोवारींना १९९५ साली विशेष मागास प्रवर्गात घातलं. मूळ मागणी ती नव्हती. कोर्टाचं काम चालत राहिलं. ऑगस्ट २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. गावागावांत गुलाल उडाला. १८ डिसेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली होती त्यांची तेवढी राखली. या चौकातून खेळ सुरू झाला आणि दिल्लीत संपला, असं कोणी म्हणेल. जे घरी परत आलेच नाहीत त्यांच्या घरी तो संपलेला नाही.

झीरो माइलजवळ आदिवासी गोवारी शहीद स्मारक आहे, आणि बर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. आपण त्याला नुसता बर्डीचा पूल म्हणतो. दर २३ नोव्हेंबरला समाजाचे लोक स्मारकावर येतात. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, रस्त्याच्या पलीकडे संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे संविधान दिनाची गर्दी असते. १८१७ ची लढाई सुरू झाली तीही २६ नोव्हेंबरलाच, हा निव्वळ योगायोग. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री याच चौकात बारा वाजता जो जल्लोष होतो तो एकदा तरी बघावा. त्या रात्री कठडे नसतात असं नाही, पण पुतळ्यापर्यंत सगळ्यांना जाता येतं.

अलीकडे चौकाचं रूप पार बदललं आहे. २०२१ मध्ये मेट्रोचं झीरो माइल फ्रीडम पार्क स्टेशन सुरू झालं, शेजारी बाग केली, तिच्यात सैन्याचा जुना रणगाडा ठेवला. पोरं रणगाड्यापुढे फोटो काढतात, चार घोड्यांपुढे काढतात. खांबाजवळचा तो बुटका षटकोनी दगड, ज्याच्यावर खरा आकडा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नागपूरच्या वारसा यादीत तो पहिल्या श्रेणीत आहे, पण भोवती दिवसभर हॉर्न आणि धूर. अक्षरं झिजत चालली आहेत. वाचायची असतील तर सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना जावं. मला तरी चष्मा पुसून दोनदा वाचावं लागलं.

रौप्यमहोत्सवानिमित्त जानेवारीत सोसायटीची नागपूर सहल ठरली आहे. दीक्षाभूमी, फुटाळा आणि टेकडी गणपती अशी यादी लागली आहे. त्यात झीरो माइल अर्ध्या तासासाठी घालावं, दगड आणि गोवारी स्मारक दोन्ही पायी बघावं, असं मी समितीला लेखी दिलं आहे. बसवाल्याचं म्हणणं, तिथं गाडी उभी करू देत नाहीत. तेव्हा बस कस्तुरचंद पार्कच्या बाजूला लावायची आणि ज्येष्ठांनी रस्ता ओलांडताना मुलांचा हात धरायचा.